दीडशे धुलायांचा हत्ती

त्या रिसॉर्टमध्ये ‘स्वस्त’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. पाळण्या-घसरगुंड्यांच्या बागेला लागून तीन इमारती होत्या: राजवाडा, बगीचा आणि मौज. राजवाड्यातल्या एका रात्रीच्या भाड्यात मौजेत चार रात्री राहता यायचं, तरी मौज स्वस्त नव्हती, ‘सुटसुटीत’ होती. तिथे उशी एकच. दुसरी मागितली तर मिळे, पण ती मागता येते हे पाहुण्याला सांगायचं नाही, असं दर्जाच्या पुस्तकात पान सत्तेचाळीसवर चक्क छापलेलं होतं. पोहण्याचा तलावही एकच, मधे दोरी, आणि दोरीपलीकडे राजवाड्याची मंडळी. पाणी इकडचं तिकडे खुशाल जात होतं, पण त्याबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

मौजेच्या तळमजल्यावरच्या वीस खोल्या मावशीकडे होत्या. तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला माळीसुद्धा. नोकरीची दहा वर्षं भरायला महिना उरला होता आणि तेवढ्यात तिचा जीव टांगणीला लागला होता. दहा वर्षांत नावावर एकही ‘प्रमाणभंग’ नसेल, तर कर्मचाऱ्याला घरच्यांसह राजवाड्यात एक रात्र फुकट मिळायची. प्रमाणभंग म्हणजे पुस्तकात लिहिलंय त्याहून वेगळं काहीही. मावशीने ती रात्र सहा वर्षांच्या नातीला कबूल करून टाकली होती. नातीला पाळण्यांचं काही कौतुक नव्हतं. तिला हवा होता टॉवेल.

“केवढा जाड गं, आजी?” ती दर रविवारी विचारायची.

“गोधडीएवढा. गुंडाळला की उभ्या उभ्या झोप लागते.”

घरात टॉवेल रिसॉर्टचेच होते, पण पार जीव गेलेले. नवा टॉवेल आधी राजवाड्यात जायचा. साठ धुलाया झाल्या की बगीच्यात, शंभर झाल्या की मौजेत, दोनशेनंतर फरशी पुसायला. त्यातला एखादा बरा तुकडा मावशी विचारून घरी न्यायची. त्याच्या आरपार पलीकडचा माणूस ओळखू यायचा.

घोडं अडलं ते हत्तीपाशी. मौजेतल्या एका खोलीत तापाने फणफणलेलं पोर पाळण्यांसाठी रडत होतं. मावशीला राहवलं नाही. तिने खोलीतले दोन टॉवेल उचलले, एकाचे चार पाय वळले, दुसऱ्याचं डोकं, कान आणि सोंड केली आणि पलंगावर हत्ती उभा केला. पोर गप्प झालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीने हत्ती मागितला. आठवड्याभरात वीस खोल्यांत वीस हत्ती झाले. हे पुस्तकात नाही हे मावशीला कळत होतं, पण हात शिवशिवायचे त्याला ती काय करणार?

बातमी तलावातल्या दोरीखालून पलीकडे गेली. राजवाड्यातल्या एका चिरंजीवांनी गुळगुळीत फरशीवर लोळण घेऊन भोकाड पसरलं, “मला सुटसुटीतमध्ये जायचंय!” त्यांचे वडील काउंटरवर येऊन आदळआपट करू लागले.

“चौपट पैसे मोजलेत मी! माझा हत्ती कुठाय?”

मग दर्जा अधिकारी मौजेत अवतरले. चादर पलंगाखाली किती बोटं लोंबते हेसुद्धा ते टेप लावून बघत, म्हणून त्यांना पाठीमागे सगळे मोजपट्टी म्हणत. त्यांनी हत्तीला सोंडेपासून शेपटीपर्यंत टेप लावली.

“मावशी, हे काय?”

“हत्ती, साहेब.”

“ते दिसतंय मला. मौजेच्या पाहुण्याला भरलेल्या पैशांपेक्षा जास्त आनंद मिळतोय. याला अतिदर्जा म्हणतात.”

“म्हणजे चांगलंच ना?”

“घाणीपेक्षा वाईट! घाण पुसता तरी येते. इथेच एवढी मजा आली, तर राजवाड्यात खोली कोण घेणार?”

मावशीला नात आठवली. नातीने टॉवेलाचं अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं.

“साहेब, लिहू नका हो. उद्यापासून एक हत्ती दिसणार नाही.”

“दिसायलाच हवा. पण राजवाड्यात. जमवलंत तर नाही लिहिणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यातल्या सगळ्यात महागड्या खोलीत मॅनेजर, मोजपट्टी, ते वडील आणि ते चिरंजीव ओळीने उभे राहिले. मावशीने कोरे करकरीत टॉवेल हातात घेतले. पहिला हत्ती खाली बसला. दुसऱ्याची सोंड गळून पडली. तिसरा कुशीवर कलंडला तो उठलाच नाही.

“मेला,” चिरंजीव म्हणाले.

“साहेब, टॉवेल फार चांगला आहे,” मावशी बोलून गेली. “वळतच नाही. हत्तीला दीडशे वेळा धुतलेला लागतो. मौजेतला.”

पण मॅनेजर उगाच मॅनेजर झाला नव्हता. त्याने डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, “वारसा टॉवेल!”

संध्याकाळपर्यंत मौजेतले सगळे झिजके टॉवेल गाड्यांवर लादून राजवाड्यात गेले. प्रत्येक हत्तीपुढे कार्ड आलं: ‘वर्षानुवर्षांच्या प्रेमळ हातांनी तलम झालेला.’ खोलीचं भाडंही तेवढंच प्रेमळपणे वाढलं. इकडे मौजेच्या खोल्या टॉवेलावाचून ओक्याबोक्या झाल्या, आणि खोलीत टॉवेल नसणं हा तर महाभयंकर प्रमाणभंग! तेव्हा राजवाड्यातून काढलेले आणि कोठारात पडलेले नवेकोरे जाड टॉवेल मुकाट्याने तिकडे पाठवले गेले. मोजपट्टींनी शब्द पाळला. मावशी राजवाड्यात रोज चाळीस हत्ती वळू लागली आणि दिवस मोजू लागली. त्या मोजण्याच्या नादात, समोर असलेली साधी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली नाही.

महिना सरला. राजवाड्याची खोली मिळाली. दुपारी चारला नात नव्या फ्रॉकात आली, सरळ न्हाणीघरात घुसली, तासभर डुंबली आणि निथळत बाहेर येऊन, डोळे मिटून, हात पसरून उभी राहिली.

“गुंडाळ, आजी.”

मावशीने स्वतःच सकाळी वळलेला हत्ती उलगडला आणि तिला गुंडाळलं. नातीने एक डोळा उघडला. टॉवेलाचा काठ चाचपला.

“हा तर आपल्या घरचाच आहे.”

ती रुसली नाही, रडली नाही, आणि मावशीला तेच सहन होईना. दहा वर्षं मान खाली घालून काढली, आणि पोरीच्या अंगाला शेवटी हेच चिरगूट लागलं, तेही आपल्याच हातून. लाजेने आणि रागाने तिचे कान तापले. तिने फोन उचलला.

“एक जाड टॉवेल पाठवा.”

“राजवाड्यात वारसा टॉवेलच मिळतो, मॅडम. जाड फक्त मौजेत.” कालपर्यंत शेजारी बसून डबा खाणारी मुलगी बोलत होती. मॅडम म्हणाली, पण टॉवेल काही देईना.

मावशीने नातीला तशीच कडेवर घेतलं, हिरवळ तुडवत मौज गाठली, तिथल्या कोठाराचं दार ढकललं आणि वरचाच टॉवेल ओढला. नात त्यात दिसेनाशी झाली, नाक तेवढं बाहेर राहिलं. ती उभ्या उभ्या डुलायला लागली.

“मावशी!” दारात मोजपट्टी उभे होते, वही उघडी. “राजवाड्याचा पाहुणा आणि मौजेचा टॉवेल? हा प्रमाणभंग आहे!”

“लिहा,” मावशी म्हणाली. “दहा वर्षं भरली माझी. सावकाश लिहा. पण आवाज खाली ठेवा, ती झोपतेय.”