घरात वाजवायचा अ‍ॅम्प

माझ्या नातीचा, इशिताचा बाप्तिस्मा झाला ते साल २०२३. ईस्टर नुकताच होऊन गेला होता. पाळकांनी पाण्यात बोटं बुडवली, मंडळीनं गीत धरलं, आणि माझ्या भावाच्या, सुधन्वाच्या, गिटारच्या अ‍ॅम्पमधून असा खरखराट झाला की बाळ दचकून रडायला लागलं. अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. सुधन्वानं वाकून तिचं बटण फिरवलं, तर खरखर आणखी वाढली. मग त्यानं वायरच काढून टाकली आणि उरलेलं गीत तसंच वाजवलं. विजेवरची गिटार ती, पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचली नसेल. वाकून उठल्यावर त्याला खोकला लागला तो बराच वेळ थांबला नाही. नंतर जेवताना सगळे अ‍ॅम्पबद्दलच बोलत होते. खोकल्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

सुधन्वा माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो लहान होता आणि मी लग्न होऊन दिल्लीत आले होते. माझे यजमान केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्रायव्हर होते. आम्ही त्याला जालन्याहून इकडे आणलं आणि पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलं. पुढे तो सरकारी ड्राफ्ट्समन झाला, नकाशे काढणारा. लग्न केलं नाही. यजमान गेल्यावर पश्चिम विहारच्या आपल्या फ्लॅटमध्ये तो मला घेऊन आला. मला वाचायलाही त्यानंच शिकवलं, माझी चाळिशी उलटल्यावर. चर्च हिंदी मंडळीचं आहे, आम्हा मराठी लोकांना रविवारी दुपारची वेळ मिळते. उपासना संपली की आमच्या लोकांनी दिलेल्या बाकांवरची, पंख्यांवरची नावं तो माझ्याकडून वाचून घ्यायचा. बाक असो की घड्याळ, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव असायचंच. त्यामुळे ‘साखर’ वाचता यायच्या आधी मला ‘स्मरणार्थ’ वाचता आलं.

जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की सुधन्वाची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. औषधानं वेग कमी होईल, मागे काही वळणार नाही. पावसाळा बरा जाईल, हिवाळ्याचं सांगता येत नाही. दिल्लीचा हिवाळा कसा असतो हे डॉक्टरांनी वेगळं सांगायची गरज नव्हती.

बाहेर आल्यावर माझी मुलगी कृतिका गाडीच्या चाव्या शोधत राहिली. सुधन्वा म्हणाला, "मग आता अ‍ॅम्पचं बघू."

"मामा, आत्ता?"

"गाता येत नाही आता मला. गिटारनंच गायला हवं ना."

जुना अ‍ॅम्प दुरुस्तीवाल्यानं आधीच परत पाठवला होता. आतलं सगळं जळलं होतं. पुढच्या शनिवारी कृतिका गुरुग्रामहून गाडी घेऊन आली आणि आम्ही दर्यागंजला वाद्यांच्या दुकानात गेलो. वाटेत तिनं मोबाइलवर काय काय वाचलं होतं ते सांगितलं. काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प घ्यायचा नाही, तो जड असतो, तापतो, नळ्या बदलत बसावं लागतं. ट्रान्झिस्टरचाच घ्यायचा, सॉलिड स्टेट म्हणतात तो, पण आधीच्यापेक्षा वरचा.

"आणि मामा, घर आणि चर्च दोन्हीकडे चालेल असा."

"म्हणजे सासरी आणि माहेरी नांदणारा," सुधन्वा म्हणाला. "अशी मुलगी मिळाली नाही म्हणून तर राहिलो."

दुकानात धीरज नावाचा विक्रेता होता. त्यानं दोन अ‍ॅम्प पुढे ठेवले. एक लहान, प्रेशर कुकरच्या खोक्याएवढा. दुसरा माझ्या गुडघ्याच्या वर येणारा, शंभर वॅटचा. त्याच्या मागे एक कळ होती, ती फिरवली की शंभराचा अर्धा वॅट होतो, म्हणजे घरातही शेजाऱ्यांना त्रास न देता वाजवता येतो. सुधन्वा आधी लहानाजवळ बसला. आवाज अगदी बारीक ठेवून त्यानं एक गीत सावकाश वाजवलं. दुकानात गर्दी होती, तरी मला ते सगळं ऐकू आलं. मग तो मोठ्याजवळ गेला, दोन तारा छेडल्या आणि थांबला.

"अंकल जी, ये घर में भी, चर्च में भी," धीरज म्हणाला. "एक बार ले लिया तो दस साल देखना नहीं पड़ेगा."

"दस साल? भाई, तू मेरे डॉक्टर से मिल ले."

धीरज हसला. त्याला काय माहीत.

सुधन्वानं लहानावर हात ठेवला. "ताई, हा पुरे."

"चर्चमध्ये त्याचा आवाज कुठे पोचणार? छत बघितलंस ना तिथलं? मोठाच घे."

"आठवड्यात रविवार एकच असतो."

"मग तो एक रविवार काय घरी बसणार आहेस?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी ताटात जास्त वाढलं की असंच पाहायचा आणि मग मुकाट्यानं खायचा. "बरं," तो धीरजला म्हणाला, "बड़ा वाला पैक कर दो."

घरी येताना मला बरं वाटत होतं. मोठा घेतला म्हणजे या नाताळाला तो चर्चमध्ये वाजवणार, पुढच्याही नाताळाला वाजवणार, असं मी धरून चालले होते. एवढी मोठी वस्तू माणूस थोड्या दिवसांसाठी घेत नाही.

पावसाळाभर तो चर्चमध्ये वाजवत होता. आमच्याकडे लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मंडळीचे सेक्रेटरी विनायकराव साळवे दर रविवारी गाडी आणायचे आणि चौकीदाराला हाताशी घेऊन अ‍ॅम्प खाली न्यायचे, संध्याकाळी पुन्हा वर आणून द्यायचे. चांगला माणूस. कुणाकडे मयत झाली की सगळ्यात आधी तेच पोचतात, खुर्च्या तेच आणतात. नवा अ‍ॅम्प पहिल्यांदा वाजला तेव्हा शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनीही माना वर केल्या. विनायकरावांनी जिन्यात घाम पुसत मला विचारलं, "अहिल्याताई, हा चर्चसाठीच ना?"

"चर्चसाठीच तर मोठा घेतला," मी म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकाला नळी लागली आणि सुधन्वाचं चर्च सुटलं. दिवाळीनंतर तर धुरक्यामुळे खिडकीही उघडता येईना. समोरची इमारत सकाळी दिसायची नाही, दिसली तर मातकट दिसायची. तो पलंगावर उशांना टेकून बसायचा, गिटार मांडीवर. मशीन सारखं घुं घुं करायचं.

"एकाच सुरात गातंय बघ, ताई. आपल्या मंडळीतल्या निम्म्या लोकांपेक्षा बरं."

पण अ‍ॅम्प त्याच्या उपयोगाचा राहिला नाही. त्याची बटणं वरच्या बाजूला होती. आवाज कमीजास्त करायचा तर उठून वाकावं लागायचं, आणि वाकला की त्याचा श्वास पुरत नसे. मग तो मला सांगायचा, आणि मी भलतंच फिरवायची. अर्ध्या वॅटाची कळ तर मागे, भिंतीकडे. एकदा झाडताना तिला माझा धक्का लागला असावा. त्यानं तार छेडली तर सबंध इमारत हादरली. खालच्या मजल्यावरच्या चोप्रांचा फोन आला, "दीदी, घर में शादी है क्या?" सुधन्वा हसता हसता इतका दमला की मशीन वाढवावं लागलं. वीज गेली की इन्व्हर्टर मशीनसाठीच राखून ठेवायचा, अ‍ॅम्प बंद. हळूहळू तो वाजवेनासा झाला. गिटार मांडीवरच असायची, बोटं फिरायची, पण आवाज नाही. अ‍ॅम्पवर मी औषधांचा डबा ठेवायला लागले.

अशात एका दुपारी विनायकराव आले. चहा झाला, चिवडा झाला. मग त्यांनी खिशातून टेप काढली आणि अ‍ॅम्पची पुढची बाजू मोजली.

"सुधन्वाभाऊ, पितळी पट्टी करायला टाकतोय. ही जागा ठीक आहे ना? कमिटीत सगळ्यांना आनंद झाला. तरुण मुलं शिकतील यावर."

"कसली पट्टी?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइल पुढे केला. पट्टीवाल्यानं नमुना पाठवला होता. सुधन्वाचं पूर्ण नाव होतं आणि खाली चर्चच्या बाकांवर असतो तोच शब्द. तो शब्द वाचायला मला चष्मा लागला नाही. मी मोबाइल परत देणार होते, पण सुधन्वानं हात पुढे केला होता. त्यानं चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं, ड्रॉइंग तपासावं तसं.

"तारीख मोकळी ठेवलीत विनायकराव, हे बरं केलंत."

विनायकरावांचा चेहरा उतरला. "अहो, नाही, तसं नाही. पट्टीवाल्याकडे जुना मजकूर असतो, त्यानं फक्त नाव बदललं. मी पाहिलंच नाही नीट. ‘यांजकडून’ करून घेतो."

"राहू द्या. थोड्या दिवसांनी पुन्हा बदलावी लागेल."

"सुधन्वाभाऊ…"

"चिवडा घ्या. ताईनं घरी केलाय."

विनायकराव थोडा वेळ बसले, मग उठले. जिन्यात त्यांनी माझा हात धरला आणि मग खाली उतरले. त्यांच्यावर रागावायला मला काही कारण सापडेना. अ‍ॅम्प चर्चसाठी घेतला हे मीच त्यांना सांगितलं होतं.

मी आत आले तेव्हा सुधन्वा डोळे मिटून होता. मला वाटलं झोपला.

"ताई, हा नेऊ दे त्यांना. मला तो लहान आणून दे."

"एवढी थंडी जाऊ दे. बरं वाटायला लागलं की चर्चमध्ये पुन्हा…"

"ताई."

मी अ‍ॅम्पवरचा औषधांचा डबा सरळ केला.

"तुम्हा दोघांनाही मोठाच पाहिजे," तो म्हणाला. मध्ये मध्ये थांबून बोलत होता. "त्यांना मी गेल्यावर वाजवायचाय. तुला मी जाऊ नये म्हणून ठेवायचाय. मला आज संध्याकाळी वाजवायचंय. एवढंच."

त्या संध्याकाळी त्याला वाजवता आलं नाही. मी कृतिकाला फोन केला आणि शनिवारी तिच्याबरोबर दर्यागंजला गेले. घरी सुधन्वाजवळ जावई थांबले.

धीरजनं मला ओळखलं. "अंकल जी नहीं आए?"

"नहीं."

लहान अ‍ॅम्प दाखव म्हटल्यावर त्यानं तोच काढला, पण शेजारी एक मधल्या आकाराचाही ठेवला. "माताजी, ये चर्च के लिए छोटा पड़ेगा. थोड़ा बड़ा ले लीजिए."

"चर्च के लिए नहीं चाहिए," मी म्हणाले. "अब चर्च नहीं जाएँगे वो."

कृतिका माझ्याकडे पाहायला लागली. मी पुढे बोलत राहिले, थांबले असते तर मग बोलता आलं नसतं. "पलंग के पास रखना है. लेटे-लेटे हाथ पहुँचना चाहिए. लाइट जाए तब भी चलना चाहिए."

धीरजनं मग काही विकायचा प्रयत्न केला नाही. त्यानं एक स्टूल आणलं आणि अ‍ॅम्प त्यावर ठेवला. मी शेजारच्या खुर्चीत मागे रेलून बसले, पाय लांब केले आणि हात बाजूला नेला. बटणं पुढच्या बाजूलाच होती, मोठी, बोटाला सापडतील अशी. मागे बॅटरीचे सेल बसत होते. धीरजला मी म्हटलं की आवाज अगदी कमी करून वाजव, आणखी कमी, आजारी माणसाच्या खोलीत वाजवतोस असा. त्यानं वाजवलं. तारेचा आवाज स्वच्छ येत होता, खरखर नाही, फुसफुस नाही. शेवटी मी तो एका हातानं उचलून पाहिला. मला उचलता आला. रात्री खाली ठेवायचा, सकाळी वर ठेवायचा, ते मलाच करायचं होतं.

आम्ही परत निघालो. रिंग रोडवर गाड्या खोळंबल्या होत्या, सगळ्यांचे दिवे दुपारीच लागलेले.

"आई, हे तू मामाशी बोललीस? चर्चला जाणार नाही वगैरे?"

"त्याला काय सांगायचं? त्यानंच तर सांगितलं."

"मग दुकानात रडशील असं वाटलं मला."

"दुकानात कशाला रडायचं," मी म्हणाले.

सुधन्वानं पडल्या पडल्या हात लांब केला, बटण सापडलं, फिरवलं. एक तार छेडली, मग दुसरी. "कुणी निवडला?" त्यानं विचारलं. मी स्वयंपाकघरात होते, तिथूनच म्हणाले, "मी." रोज संध्याकाळी तो थोडा थोडा वाजवू लागला. पूर्ण गीत क्वचितच व्हायचं. एखादं कडवं वाजवायचा, दम खायचा, पुढचं विसरल्यासारखा पुन्हा तेच वाजवायचा. मी भाजी निवडत ऐकायची. भिंतीपलीकडे काही जात नसे.

मोठा अ‍ॅम्प विनायकराव घेऊन गेले. नाताळच्या दुपारी त्यांनी चर्चमधून फोन लावून दिला. मंडळीतला कुणी नवा मुलगा त्यावर वाजवत होता. सुधन्वानं फोन कानाशी धरून सगळं गीत ऐकलं आणि म्हणाला, "धिटाईनं वाजवतोय. आवाज जरा तिखट आहे, कमी करायला सांगा." फोन ठेवल्यावर त्यानं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी त्यानं गिटार मागितली नाही.

जानेवारीत ऊन पडलंच नाही. त्याची बोटं सुजली, तारा दाबता येईनात. मग तो नुसती मोकळी तार छेडायचा आणि तिचा आवाज विरेपर्यंत ऐकत राहायचा. मला पलंगाच्या कडेला बसवून घ्यायचा. शेवटी शेवटी बटण मीच फिरवायची, आणि चुकत नसे.

सुधन्वा मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दुपारी घरीच वारला.