कुंडीशिवाय मोजलेला युक्का

फोटोंना फ्रेम करणाऱ्या माणसाला एक खोड जन्माची लागते. तो चित्र मोजतो, चौकट मोजत नाही. चौकट काय, चित्राच्या मागून येतेच. आयुष्यभर दुकानात हेच करत आलेल्या फ्रेमवाल्यांनी नव्या घरी जाताना बायकोच्या युक्क्याच्या झाडाचंही तेच केलं. मातीपासून शेंड्यापर्यंत टेप लावली, नव्या घराच्या छताच्या उंचीशी ताडून पाहिली आणि छातीठोकपणे सांगितलं, "आरामात मावेल. वर वीतभर जागा उरेल."

सामानवाल्यांनी युक्का नव्या खोलीत उभा केला, तेव्हा ती वीतभर जागा कुंडीने खाऊन टाकली होती आणि तिला आणखी तेवढीच हवी होती. झाड खिडकीशी तिरकं टेकलं होतं आणि टोकाची लांब पानं छताला लागून दुमडली होती.

"कुंडी मोजली नव्हती का?" बायकोने विचारलं. आवाज अगदी शांत. तिचा आवाज शांत झाला की प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

"कुंडी..." फ्रेमवाले म्हणाले, आणि खिशातली टेप चाचपू लागले.

बायको म्हणजे सिस्टर. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली, त्यामुळे निवृत्त झाली तरी जगाच्या तोंडी सिस्टरच. जुनं घर चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नाही, आणि फ्रेमवाल्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. तळमजल्यावरचं हे घर त्यांच्यासाठीच घेतलेलं. सिस्टरला यायचंच नव्हतं. शेवटी एका अटीवर ती तयार झाली: युक्का जसाच्या तसा बरोबर आला पाहिजे. पहिल्या पगारातून आणलेलं ते रोप. "मुलं आपापल्या संसाराला लागली, सोबतीला हा एवढाच उरला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, तेही नवऱ्याच्या देखत.

आणि आता अट मोडली होती.

"जुनं घर अजून विकलेलं नाही," चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली. "याला कापल्याशिवाय गत्यंतर नाही. जगला तर इथे राहू. मेला तर मी परत चालले. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर तुम्ही आणि तुमचे गुडघे सुखाने राहा."

ही बाई बोलते ते करते, हे फ्रेमवाल्यांना लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि चौथा मजला आता त्यांच्याच्याने होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रं पसरली गेली. सिस्टरने करवत स्पिरिटने पुसून नवऱ्याच्या हातात दिली.

"तूच काप ना. इतकी ऑपरेशनं पाहिलीस."

"मी हत्यारं हातात द्यायचे. चालवली कधीच नाहीत."

फ्रेमवाल्यांनी करवत लावली, पण हात सवयीने तिरका गेला.

"अहो, सरळ. हा फ्रेमचा कोपरा नाही."

युक्क्याचे तीन भाग झाले: पानांचा शेंडा, मधला बोडका दांडा आणि कुंडीत राहिलेला बुंधा. सिस्टर तोंड फिरवून उभी होती. फ्रेमवाल्यांनी मात्र मधला दांडा खाली ठेवायच्या आधी खिशातली पेन्सिल काढून त्यावर वरच्या दिशेला बाण काढला. चित्रांच्या पाठीवर ते असाच बाण काढत, म्हणजे कोणी उलटं टांगू नये.

"हे बरं केलंत," सिस्टर म्हणाली. "उलटा लावला असता तर जन्मात मुळं धरली नसती." कालपासून तिने त्यांना पहिल्यांदाच बरं म्हटलं होतं. तेवढ्यानेही त्यांना हुरूप आला.

कापलेली टोकं वाळावीत म्हणून तुकडे काही दिवस सावलीत पडून राहिले. मग वाळू मिसळलेल्या मातीत शेंडा एका कुंडीत, दांडा दुसऱ्या कुंडीत. पाणी जेमतेम. फ्रेमवाल्यांना वाटायचं, बिचारे तहानलेत. ते तांब्या घेऊन घुटमळायला लागले की सिस्टर नुसती बघायची, आणि तांब्या मुकाट्याने स्वयंपाकघरात परत जायचा.

एकदा न राहवून त्यांनी मुळं धरली का बघायला शेंडा हलकेच वर ओढला.

"टाके घातलेली जखम कोणी उसवून बघतं का?" सिस्टरने मागून विचारलं. ते शाळकरी पोरासारखे हात मागे लपवून उभे राहिले.

आठवडे गेले. बुंधा आपला कुंडीत खुंट्यासारखा ढिम्म. फ्रेमवाल्यांनी दुकानात दोनदा चुकीची काच कापली. घरी सिस्टरच्या बॅगा बांधलेल्या तशाच होत्या, लागेल ते वरवर काढून ती दिवस ढकलत होती. विचारायची त्यांची छाती होईना.

मग एका सकाळी बुंध्याच्या सालीतून हिरवा कोंब डोकावला. सिस्टरने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हं." बस्स. पुढे शेंड्याने नवं पान काढलं, बोडक्या दांड्यालाही फूट आली. तरी घराबद्दल अवाक्षर नाही. फ्रेमवाले आतल्या आत कढत राहिले. झाड जगलं, आता तरी बोल ना बाई.

एका संध्याकाळी दुकान बंद करून ते घरी आले, तर जिन्याजवळ बोलणं चाललेलं. वरच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहत. सिस्टर दांड्याची कुंडी त्यांच्या हातात देत होती.

"उजेडात ठेवा. माती पुरती सुकल्याशिवाय पाणी घालू नका, कितीही दया आली तरी."

"मला जमेल ना हो? माझ्याकडे झाडं टिकत नाहीत."

"न जमायला काय झालं? नीट अंग धरायला दोन-तीन वर्षं लागतील. मी आहे ना खाली, येऊन बघत जाईन."

फ्रेमवाले इमारतीच्या दाराबाहेरच थबकले. दोन-तीन वर्षं. त्यांना इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. पण आपण ऐकलं हे कळलं तर ही बाई मुद्दाम शब्द फिरवेल, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते आल्या पावली फाटकापर्यंत मागे गेले, डोळे पुसले आणि चपला वाजवत, मोठमोठ्याने खोकत पुन्हा आत आले.

"खोकला कधीपासून?" सिस्टरने विचारलं.

"आत्ताच लागला."

"मग उभे काय राहिलात? आत चला. घरात बसा जरा."