हातावरचं डांबर

शाळेत मला ‘डांबरगोळी’ म्हणतात. आधी मी रडायचे, आता वळून “काय?” म्हणते. बाबा छतांवर डांबर ओतून गळकी घरं कोरडी करतात, त्यात लाजायचं काय? म्हणून जेव्हा भाषेच्या बाईंनी सांगितलं, “घरातला एक शब्द घ्या, अर्थ आणि मूळ शोधून बोला,” तेव्हा पहिला हात माझाच. डांबर!

आणि काय काय सापडलं म्हणून सांगू! ‘डांबर’ आलं ‘डामर’वरून, आणि डामर म्हणजे मुळात झाडाची राळ. इंग्रजी ‘टार’चं मूळही झाडातच, आपल्या देवदारातला ‘दार’, म्हणजे लाकूड, त्याचा लांबचा भाऊ. पूर्वी जहाजांना, दोरांना, खलाशांच्या कापडांना डांबर फासायचे, म्हणून इंग्रजीत खलाशालाच ‘टार’ म्हणू लागले. बाबा म्हणाले, “मग मी खलाशीच की! समुद्र तेवढा कुणीतरी आणून द्या.”

हे मी त्यांना संध्याकाळी सांगायचे, त्यांचे हात साफ करताना. सहावीपासून हे काम माझं. रॉकेलच्या बोळ्याने चोळायचं, सुटलेली कड नखात धरायची आणि सर्रकन ओढायची. “हळू गं, आतली कातडी माझी आहे,” असं ते रोज म्हणायचे आणि रोज आम्ही हसायचो.

त्या गुरुवारी काम आमच्याच गल्लीत होतं. बादली कलंडली आणि उकळतं डांबर बाबांच्या उजव्या हातावर आलं. घर समोरच, म्हणून ते धावत घरी आले. आई बाहेर गेली होती. मी मुळीच घाबरले नाही. मला येत होतं ना हे काम! बोळा घेतला, चोळलं, कड धरली, ओढली.

डांबर निघालं. एकटं नाही निघालं.

दवाखान्यात डॉक्टर ओरडलेच. “भाजलेल्यावर गार पाणी ओतत राहायचं, डांबर तसंच ठेवून इथे यायचं! ओढलं कुणी हे?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “मीच.”

दोन महिने पट्ट्या. मी मनात रोज एकच घोकत होते, मूठ उघडू दे. काल शेवटची पट्टी निघाली. अंगठा हलला. बाकीची चार बोटं तळव्याकडे वळलेली, चिकटल्यासारखी. डॉक्टरांनी ती हळूच ताणून पाहिली आणि सोडून दिली. “आता एवढीच.” डांबर ओतायचा लांब दांड्याचा डाव त्या हातात कधीच बसणार नाही, हे आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांनाही कळलं.

दोन महिने लांबलेलं माझं भाषण आज झालं. बाईंनी टाळ्या वाजवल्या, मला ‘डांबरगोळी’ म्हणणाऱ्या मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा. संध्याकाळी बाबा म्हणाले, “मला नाही का ऐकवणार?”

मी उभी राहिले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी राळेपर्यंत आले आणि आईने हातातला शर्ट खाली ठेवला. बाबांचा कामाचा शर्ट होता.

“बावीस वर्षं डांबरात काढली,” ती त्यांना म्हणाली, “आणि ऐन वेळी अक्कल कुठे चरायला गेली होती? आपल्याच हाताचं आपणच वाटोळं केलंत!” हे ती दोन महिने म्हणतेय. मग रडते. बाबा मान खाली घालून ऐकून घेतात.

मी गप्प. अख्ख्या वर्गासमोर न अडखळता बोलणारी मी. ‘आई, मी ओढलं’, तीन शब्द, एकाचंही मूळ शोधायला नको. ओठांपर्यंत आले होते, देवाशप्पथ. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि इतकीशी मान हलवली. नको.

“थांबलीस का गं?” ते म्हणाले. “खलाशांचं सांग की. मला आवडतं ते.”

मी सांगितलं. मोठ्याने, हातवारे करून. बाबांनी टाळी वाजवायला दोन्ही हात उचलले, उजव्याकडे बघितलं आणि तो पुन्हा मांडीवर ठेवला.