तेवीस निंबांची हरकत

त्रेपन्न साली सरकारने मैलकामगार भिकाच्या ताब्यात एक मैल रस्ता दिला आणि कडेला लावायला निंबाची रोपं दिली. पाणी दिलं नाही. ते भिकाने निंबखेड्याच्या विहिरीवरून कावडीने आणलं. तेवीस निंब जगले. बाकी मैलभर बाभळी. त्या कुणी लावल्या नव्हत्या, म्हणून आपोआप जगल्या.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर याच मैलावरून नवा हमरस्ता निघाला. दोनशे बाया खडी फोडायच्या आणि त्यांची तान्ही पोरं निंबांना टांगलेल्या झोळ्यांत झोपायची. एके सकाळी पहिल्याच निंबाला खिळा मारून नोटीस लागली : झाडे रस्त्यात येतात, सबब तोडली जातील, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

द्रौपदाबाईची सून मंदा कामावर होती आणि सात महिन्यांचा नातू झोळीत. नोटीस वाचून दाखवली, तशी द्रौपदाबाईने हातोडी खाली ठेवली.

"भिकाभाऊ, मना नातूनी झोयी मंग कोठे बांधू? साहेबना टोपीले?"

हरकत लिहिली किराणावाले अमृतलालशेठ यांनी. त्यांच्या अर्जाला जळगावहून उत्तर येतं, अशी गावात त्यांची ख्याती होती. पोरांच्या सावलीबरोबर शेठनी पोपटांच्या घरट्यांचंही कलम घातलं. जैन माणूस, जीवदया सुटेना. खाली दोनशे अंगठे उमटले. पोपटांचे घेता आले नाहीत.

उत्तर खरंच आलं. 'झाडांचे क्रमांक नमूद नाहीत. सबब हरकतीचा विचार करता येत नाही.'

"सरकारला झाड दिसत नाही रे भिका," शेठ म्हणाले. "नंबर दिसतो. टाक नंबर."

भिकाला हे लगेच पटलं. पूर्वी दरसाल झाडगणती व्हायची, तेव्हा नंबर तोच रंगवायचा. नंबर पडला की झाड दप्तरात जिवंत, एवढं तो शिकला होता. गणती बंद पडून आठ वर्षं झाली होती आणि जुने आकडे सालीने गिळले होते. त्याने चुन्याचे पांढरे चौकोन काढले, वर गेरूने एक ते तेवीस आकडे घोटले. चौदाचा आकडा वाकडा आला, म्हणून पुसून परत काढला. बाभळींना काही टाकलं नाही. बाभळीच्या काट्यांत पोर कोण निजवणार?

क्रमांकांसह हरकत पुन्हा गेली. नवव्या दिवशी झुलाल मुकादम आठ माणसं आणि चार करवती घेऊन आला.

भिका धावत जाऊन एक नंबरच्या निंबाला पाठ लावून उभा राहिला. "हात लावू नको भाऊ! हाऊ हरकतना नंबर शे!"

झुलाल शांतपणे तंबाखू मळत होता. "पंधरा वर्षं झाडं पाडतोय मी. ज्याला नंबर, त्याला करवत. हरकतीच्या नंबराचा रंग वेगळा असतो का?"

भिका ओव्हरसीअरच्या तंबूकडे पळाला.

"नंबर कुणी टाकले?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"मग बोंब कशाला मारतोस? आमचं काम तूच केलंस."

भिका परतला तेव्हा सात आडवे होते, दिवस मावळेपर्यंत तेवीस. झुलाल शब्दाचा पक्का. बाभळीही रस्त्यातच येत होत्या, पण त्याने एकीलाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी भिका परत तंबूत. "साहेब, पोरांना मांडव तरी द्या."

साहेबांनी कामाचं अंदाजपत्रक उघडून बोट ठेवलं : 'कामाच्या जागी झाडांची सावली उपलब्ध आहे. मांडवाची आवश्यकता नाही.' एवढी ओळ बदलायला धुळ्याच्या वरच्या कचेरीची मंजुरी लागत होती. त्यांनी त्याच दिवशी कागद पाठवला. माणूस वाईट नव्हता.

द्रौपदाबाईने तीन पहारी एकमेकींना टेकवून उभ्या केल्या, त्यांना झोळी बांधली, वरून लुगडं टाकलं. पहारी लोखंडाच्या. चौथ्या दिवशी दुपारी मंदा पाजायला गेली. पोराने तोंड उघडलं नाही. अंगाला हात लावला, तर अंग फोडलेल्या खडीसारखं तापलेलं.

गावाच्या रीतीने तान्ह्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. जमीन सगळीकडे दगड झाली होती. चौदा नंबरच्या बुंध्याशी तेवढी माती जरा मऊ होती. मुळांनी धरून ठेवलेली. खड्डा भिकानेच खणला.

त्याच आठवड्यात शेठना जळगावचं पत्र आलं. 'नमूद क्रमांकांची झाडे जागेवर आढळून आली नाहीत. हरकत निकाली काढण्यात येत आहे.' शेठनी ते दोनदा वाचलं आणि भिकाला वाचून दाखवलं नाही.

भिकाला नवा हुकूम आला होता : रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावून क्रमांक टाकावेत. बादली घेऊन तो चौदाच्या बुंध्याशी आला. द्रौपदाबाई तिथे बसली होती. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून तिने मातीवर एक मोठा दगड लोटून ठेवला होता. तिने बादलीकडे पाहिलं आणि दगडावर आडवा हात धरला.

"याले नंबर टाकू नको, भिकाभाऊ."