खालचं बटण

लोणीच्या एका लग्नात संघर्षचा फोटो पहिल्यांदा चुकला. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट खाली आला, नवरीनं हार उचलला. संघर्षनं कॅमेरा उभा धरून बटण दाबलं, पण काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. तोवर हार नवरदेवाच्या गळ्यात पडला होता, वाजंत्री सुरू झाली होती आणि नवरीची आत्या नेमकी मध्ये येऊन उभी राहिली होती.

"ताई, एकदा परत घाला ना हार," संघर्ष म्हणाला. मांडवात हसू उसळलं. नवरीनं हार काढून परत घातला, पण पहिल्यांदा घालताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आता नव्हतं.

बाजूला व्हिडिओचा कॅमेरा घेऊन त्याची बायको ज्योत्स्ना उभी होती. तिला नवल वाटलं. आळेफाट्याला त्यांचा स्टुडिओ सुरू झाल्यापासून संघर्षनं कुणाला 'परत करा' म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी गाडीवरून महाळुंगे पडवळला घरी येताना तो म्हणाला, "ग्रिप बिघडली. खालचं बटण लागंना."

बॅटरी ग्रिप त्यानं आदल्या सीझनला हौसेनं आणली होती. कॅमेऱ्याच्या बुडाशी स्क्रूनं बसवायचा तो काळा ठोकळा. त्यात एकाऐवजी दोन बॅटऱ्या मावायच्या, त्यामुळं हळदीपासून पाठवणीपर्यंत बॅटरी बदलायला थांबावं लागायचं नाही. पण संघर्षला तिचं कौतुक होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ग्रिपला स्वतःचं एक बटण होतं. कॅमेरा उभा केला की हात वर घेऊन मनगट मुरगळायची गरज नाही, ग्रिप मुठीत धरायची आणि तिथलंच बटण दाबायचं. संघर्षचे हात मोठे. ग्रिप बसवल्यावर पहिल्यांदा कॅमेरा उचलून तो आईला म्हणाला होता, "आता कसा हातात भरल्यावानी वाटतो बघ."

"हातभर दगड घेऊन हिंडाया काय झालंय तुला," जानकाबाई म्हणाल्या होत्या.

लोणीनंतर आणखी दोन लग्नांत तसंच झालं. संघर्षनं ग्रिपच्या पितळी टोकांवरनं कापूस फिरवला, बॅटऱ्या बदलल्या, ग्रिप काढून परत बसवली. शेवटी चिडून म्हणाला, "पुण्याला जाऊ. दुकानदाराला दाखवतोच."

पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात चष्मा लावलेले एक वयस्कर काका होते. त्यांनी ग्रिप उघडून पाहिली, बंद केली, कॅमेऱ्याला लावली आणि खालचं बटण दाबलं. खट्. पुन्हा दाबलं. खट्. कॅमेरा उभा, आडवा, तिरका धरून दाबत राहिले.

"हिला काही झालेलं नाही हो," काका म्हणाले.

"इथं चालती. लग्नात न्हाई चालत," संघर्ष म्हणाला. "ऐन टायमाला दगा देती. तुमी नीट बघा ना राव."

"मग तुम्ही दाबून दाखवा. कसं होतं ते बघू."

संघर्षनं कॅमेरा हातात घेतला, उभा केला आणि बोट बटणावर ठेवलं. बटण अर्धं दाबलं गेलं, भिंगानं समोरच्या कॅलेंडरवर नजर धरल्याचा बारीकसा आवाज झाला, आणि बोट तिथंच थांबलं. पुढं जाईना. संघर्षनं दात आवळले. कपाळाची शीर उभी राहिली. तरी जाईना.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ज्योत्स्नाकडं बघत होते. ज्योत्स्ना संघर्षच्या हाताकडं बघत होती. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा, जिथं मांसाचा उंचवटा असतो, तिथं खळगा पडला होता. रोज त्याच हातात ती चहाचा कप देत होती. तिला तो कधी दिसला नव्हता.

"दवाखान्यात दाखवा," काका हळूच म्हणाले. "आजच दाखवा."

दवाखाने पुढं बरेच झाले. सुया टोचून हाताच्या नसा तपासल्या, मशीनमध्ये झोपवून मानेचे फोटो काढले. शेवटच्या डॉक्टरीण बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा वाळत चालल्यात, आज हात, पुढं पाय, मग गिळणं, मग श्वास. हे थांबवणारं औषध नाही.

"कॅमेरा धरता येईल किती दिवस?" संघर्षनं विचारलं.

डॉक्टरीण बाईंनी समोरची फाईल मिटली. "जितके दिवस येईल तितके दिवस धरा," त्या म्हणाल्या.

परत येताना एसटीत संघर्ष खिडकीशी बसला होता. राजगुरुनगर गेल्यावर तो म्हणाला, "मी त्या ग्रिपला किती शिव्या दिल्या." आणि तो रडायला लागला. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. ज्योत्स्नानं पदर त्याच्या तोंडापुढं धरला, नवऱ्याला उन्हाची तिरीप लागतेय म्हणून धरावा तसा.

तो सीझन त्यानं तसाच काढला. नवल म्हणजे त्या काळात ग्रिपच त्याच्या कामी आली. मनगट वळवायची ताकद गेली होती, पण ग्रिप तळहातावर ठेवून डाव्या हातानं आधार दिला की कॅमेरा उभा राहायचा, आणि बटण मधल्या बोटानं दाबता यायचं. मग मधलं बोटही गेलं. मग ग्रिपचं वजनच पेलेना.

त्यानं ज्योत्स्नाला अंगणात शिकवायला सुरुवात केली. तो खुर्चीवर बसायचा, ज्योत्स्ना कॅमेरा घ्यायची, आणि फोटोसाठी समोर जानकाबाई शेंगा फोडत बसलेल्या असायच्या.

"डोळ्यावर फोकस घे. नाकावर न्हाई."

"घेतला."

"पाय कापलेस आईचे. मागं सर."

"तुमीच म्हणाला जवळ जा."

"जवळ जा म्हणलं, अंगावर जा न्हाई म्हणलं."

एक दिवस तिनं कॅमेरा बाजेवर ठेवून दिला. "मला न्हाई जमत. माझा हात लहान आहे. ही ग्रिप माझ्या मुठीत बसत न्हाई. मला व्हिडिओच बरा."

"जमवावं लागंल," संघर्ष म्हणाला.

"का लागंल?"

जानकाबाई शेंगांची पाटी उचलून घरात निघून गेल्या. ज्योत्स्नानं कॅमेरा परत उचलला आणि समोर कुणी नव्हतं म्हणून संघर्षकडंच वळवला. "हसा," ती म्हणाली. त्याला हसताना ओठाचा एकच कोपरा उचलता आला.

पुढच्या माघातच संघर्षच्या बहिणीचं, करुणाचं लग्न करायचं ठरलं. त्यांचे वडील जयवंतराव ती शाळेत असतानाच वारले होते. करुणाला मोठं केलं ते भावानं. तिचं लग्न आणखी वर्षभर लांबवायचं ठरलं होतं, पण करुणानंच सासरकडच्यांना सांगितलं, की माझ्या दादाला बसता येतंय तोवर करा.

"तिच्या लग्नाचे फोटो मी काढणार," संघर्ष म्हणाला. आता त्याचं बोलणं जड झालं होतं, घरच्यांनाच कळायचं.

"कसे?" ज्योत्स्नानं विचारलं.

"दोन बटणं हायेत ना. तू वरून धर. मी खालचं दाबतो."

मंचरच्या कार्यालयात दुपारचं लग्न होतं, बौद्ध पद्धतीचं. स्टेजसमोर चाकाच्या खुर्चीत संघर्ष, पांढऱ्या शर्टात. ज्योत्स्ना त्याच्या खुर्चीला टेकून गुडघ्यावर बसली. कॅमेरा तिनं दोन्ही हातांनी पेलला आणि ग्रिप त्याच्या मांडीवरच्या उशीवर टेकवली. मग त्याचा उजवा हात उचलून एकेक बोट ग्रिपवर ठेवलं, पहिलं बोट बटणावर. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दोघांनाही करुणा दिसत होती, पांढरी साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा.

भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. वधूवरांनी एकमेकांना हार घातले. जयमंगल अष्टगाथा सुरू झाली आणि लोकांनी फुलं टाकायला सुरुवात केली. करुणानं मान वळवून भावाकडं पाहिलं. पाकळ्या तिच्या कपाळावर, खांद्यावर पडत होत्या, आणि ती हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"आता," ज्योत्स्ना कुजबुजली.

संघर्षच्या बोटाखाली बटण हललं नाही.

"आता, आता."

त्याचा श्वास जोरात चालला होता. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. सगळं अंग त्या एका बोटासाठी झटत होतं. ज्योत्स्नाचं स्वतःचं बोट वरच्या बटणावर होतं. ती दाबू शकत होती, कुणी दाबलं ते त्याला कळलंही नसतं. तिनं दाबलं नाही. फुलं पडत राहिली.

"ज्योत्स्ना," तो म्हणाला. एवढा एकच शब्द त्या दिवशी स्वच्छ आला. "दाब तू."

तिनं त्याचा हात ग्रिपवरून उचलला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि उभी राहिली. मग तिनं मागं वळून पाहिलं नाही. गाथा संपेपर्यंत, नंतर स्टेजवर, जेवणाच्या पंगतीत, पाठवणीला, ती काढत राहिली. डोळ्यांत पाणी आलं की फोकस कळत नव्हता, म्हणून बाहीला डोळे पुसायची आणि परत कॅमेऱ्याला लावायची. करुणा गाडीत बसण्याआधी भावापुढं वाकली, तेव्हा त्याचा हात तिच्या डोक्यावर कुणीतरी ठेवायला हवा होता. तो जानकाबाईंनी ठेवला. ज्योत्स्नानं तो फोटो काढला.

चार-पाच दिवसांनी संघर्षनं तिला कॅमेरा आणायला सांगितलं.

"ग्रिप काढ."

"राहू द्या की. दोन बॅटऱ्या बसतात."

"तुला जड होती. मी बघितलं. हात कापत होता तुझा." एवढं बोलायला त्याला खूप वेळ लागला.

"न्हाई काढणार," ती म्हणाली. "तुमची आहे ती."

"म्हणूनच म्हणतो."

तिनं ग्रिपचं चाक उलटं फिरवलं. ग्रिप सुटी झाली. कॅमेऱ्याच्या बॅटरीचं झाकण ग्रिप बसवताना काढावं लागायचं, ते कुठं गेलं म्हणून ती कपाटं धुंडाळू लागली. संघर्षनं डोळ्यांनीच ग्रिपकडं खुणावलं. ग्रिपच्या आतल्या बाजूला एक खाच होती, तिथं त्यानं ते झाकण नीट खोचून ठेवलेलं होतं. तिनं ते कॅमेऱ्याला बसवलं. कॅमेरा एकदम लहान दिसायला लागला, हलका, कुणाही माणसाचा.

जेठात संघर्ष गेला. श्वास लागून गेला, दुपारी, घरातच, आई आणि बायको दोन्ही बाजूंना असताना. करुणा सासरहून निघाली होती, नारायणगावपर्यंत पोचली होती.

दिवाळी झाली तशी लग्नांची विचारणा सुरू झाली. जुनी गिऱ्हाईकं आधी दबकत विचारायची, "वहिनी, तुमी घेता का ऑर्डर?" ज्योत्स्ना हो म्हणायची. पहिलं लग्न आळेफाट्याजवळच्या एका कार्यालयात होतं. मोठं, दोन हजार माणसांचं. व्हिडिओला तिनं दुसरा माणूस लावला आणि स्वतः कॅमेरा घेऊन एकटी उभी राहिली.

फोटो बरे आले. हार घालतानाचा आला, अक्षता उडतानाचा आला. पण ग्रिप नसल्यानं प्रत्येक उभ्या फोटोसाठी हात वर घेऊन मनगट मुरगळावं लागत होतं, आणि जेवणं उरकेस्तोवर तिचं मनगट सुजलं. विधीसाठी हातात धान्याचं सूप घेतलेल्या बाया हसत फोटोला उभ्या राहिल्या, तेव्हा तिला कॅमेरा सरळही धरवेना. तिनं डाव्या हातानं आधार दिला आणि बटण दाबलं.

दिवेलागणीला ती घरी आली. जानकाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी सुनेचा हात पाहिला.

"काय झालं गं?"

"काही न्हाई आई. जरा ताण आलाय."

"बस हितं."

जानकाबाईंनी आतून कोमट तेलाची वाटी आणली. ज्योत्स्नाचा हात मांडीवर घेतला आणि मनगटापासून बोटांकडं चोळायला लागल्या, एकेक बोट वेगळं ओढून, शेवटी तळव्यात अंगठा दाबून. संघर्षचा हात त्यांनी शेवटपर्यंत असाच चोळला होता, सकाळ-संध्याकाळ, डॉक्टरांनी काही उपयोग नाही म्हणून सांगितलं तरी; त्याची बोटं मात्र पुन्हा कधी मिटली नव्हती. त्यांच्या हातांना तीच सवय लागली होती.

तळव्यावर अंगठा दाबताच कळ आली आणि ज्योत्स्नाची मूठ आपोआप मिटली. सासूचा अंगठा तिच्या मुठीत घट्ट धरला गेला.

जानकाबाई थबकल्या. त्यांनी अंगठा सोडवून घेतला नाही. त्या मिटलेल्या मुठीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "धरला गं. तू धरला."

"दुखलं म्हणून, आई."

"असू दे. सोडू नको."

आणि संघर्ष गेल्यापासून चारचौघांत एकदाही न रडलेल्या जानकाबाई सुनेच्या हातावर डोकं टेकून रडायला लागल्या, मोठ्यानं, शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बंद करेपर्यंत. ज्योत्स्नाचं मनगट ठणकत होतं. तिनं मूठ सोडली नाही.