पिशवीतला ओटो

मित्रांनो, माझ्याविषयीचा एक गैरसमज आधीच दूर करतो. मी भांडखोर नाही. माझा आवाज मोठा आहे, एवढंच. मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. लोखंडी अंगाचा, उंच दांड्याचा, पाठीवर निळ्या कापडाची पिशवी बाळगणारा. आजकालच्या माझ्या प्लॅस्टिकच्या भावंडांसारखं मला एका हातानं उचलता येत नाही. मला ढकलावं लागतं आणि ढकलणाऱ्याला घाम फुटतो.

माझा जन्म अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी माझी मोटार इतकी मन लावून बनवली होती की पन्नास वर्षांत ती एकदाच बिघडली. पार उत्तरेतल्या डलूथ नावाच्या थंडगार गावातल्या एका बाईंनी मला विकत घेतलं आणि त्या गेल्यावर मी त्यांच्या मुलीकडे, आर्लीन कोस्कीकडे आलो. डलूथला निम्मं वर्ष बर्फ. लोक बूट झटकून आत येत, तरी गालिच्यावर वाळू आणि मीठ सांडायचंच. पाहुणे म्हणत, "आर्लीन, घर कसं लख्ख ठेवतेस गं!" ते श्रेय माझं होतं, पण मी कधी तोंड उघडलं नाही.

मग ओटो आला. ओटो म्हणजे कुत्रा. करड्या-पांढऱ्या दाट केसांचा, चांगला दांडगा. मी सुरू झालो रे झालो की तो माझ्यावर तुटून पडायचा. अकरा वर्षं, दर शनिवारी. मी त्याच्या घरावर चाल करून आलेलो नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. त्याच्या जोडीला बर्डी ही पिवळी मांजर. ती ओटोच्या पोटावर झोपायची आणि मी बंद असलो की माझ्या डोक्यावर येऊन बसायची. दोघांचे केस काय गळायचे म्हणून सांगू! माझी पिशवी आठवड्याला तट्ट भरायची. तेव्हा मी मनातल्या मनात फार कुरकुर केली. आज तिची मला लाज वाटते.

आर्लीन रेल्वेच्या मालवाहतूक कचेरीत गाड्यांची वेळापत्रकं लावायची. ती कचेरी एक दिवस डलूथमधून उठली आणि पार दक्षिणेत, जॉर्जियातल्या मेकन शहरात गेली. आर्लीनच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती, त्यामुळे जाणं भाग होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी ओटोला तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "एवढे केस, एवढं वय आणि तिकडचा उन्हाळा? जुलै काढायचा नाही तो." बर्डीला एकटीला नेता आलं असतं, पण ओटोवाचून ती अन्नाला तोंड लावत नसे. शेवटी दोघंही कार्लकडे, आर्लीनच्या भावाकडे राहिली.

निघायच्या दिवशी आर्लीननं रिकामं घर माझ्याकडून शेवटचं साफ करून घेतलं. ओटो घसा बसेपर्यंत भुंकला. मग मला गाडीत कोंबलेलं पाहून त्यानं जोरात शेपटी हलवली. अखेर आपण याला हाकललंच, असं वाटलं असणार त्याला. तेवढ्यात आर्लीनही गाडीत बसली आणि ती शेपटी थांबली.

मेकनमध्ये आम्हाला एक छोटं घर मिळालं. पुढे व्हरांडा, मागे अक्रोडासारख्या पेकानचं झाड, आणि सकाळी आठलाच अंगाला चिकटणारा उकाडा. मला घरातल्या बोळातल्या कपाटात ठेवलं गेलं. त्या कपाटाच्या दाराला आडव्या फटी होत्या आणि तेवढंच माझं जग. एक शनिवार गेला, दुसरा गेला, पाच गेले. आर्लीन मला बाहेर काढीना. साध्या केरसुणीनं झाडायची ती! मित्रांनो, मला फार लागलं. पन्नास वर्षं राबलो आणि आता मी नकोसा झालो, असं वाटून मी धुसफुसत बसलो.

सहाव्या शनिवारी दार उघडलं. तिनं मला बाहेर ओढलं नाही. ती खाली बसली, माझ्या पिशवीचं तोंड थोडं सैल केलं, त्यात नाक घातलं आणि नुसती बसून राहिली. मग तोंड पुन्हा घट्ट बांधून दार लावून घेतलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिशवीत डलूथचा शेवटचा केर होता. ओटो आणि बर्डी होते त्यात. मी सुरू झालो असतो तर मेकनची धूळ त्यांच्यात मिसळली असती. त्या दिवसापासून मी धुसफुसणं सोडून दिलं.

आर्लीनला त्या गल्लीत कुणी वाईट वागवत नव्हतं, हे सांगायला हवं. उलट येताजाता जो तो हात हलवायचा, काय म्हणतेस विचारायचा. पण डलूथची माणसं मोजकं बोलतात. कुणी "बरं चाललंय ना?" विचारलं की आर्लीन "हो" म्हणायची, आणि पुढे काय बोलायचं हे तिला सुचायचं नाही. दिवसाकाठी चार वेळा "हो" म्हणून ती घरी यायची आणि दोन माणसांच्या टेबलाशी एकटी जेवायची. जेवताना तिचा हात मधूनच टेबलाखाली जायचा. तिथं कुणीच नसायचं.

समोरच्या घरात मिस अर्नेस्टीन राहायच्या. तिकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं 'मिस'च म्हणतात. पंचाहत्तरीच्या, शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेल्या. एका संध्याकाळी त्या टोमॅटो घेऊन आल्या आणि कुणी बस म्हणायच्या आधीच बसल्या.

"घरात कोण कोण असतं गं तुझ्या?"

"मी एकटीच."

"आणि आधी?"

"ओटो होता. आणि बर्डी." आर्लीनची नजर टेबलाखाली गेली. "आता नाहीत माझ्यापाशी."

मिस अर्नेस्टीननी छातीवर हात ठेवला. "दोघंही?"

"दोघंही."

"एकदमच?"

"एकाच दिवशी," आर्लीन म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

"अरे देवा! आणि हे सगळं एकटीनं पोटात ठेवून बसलीस होय, पोरी?" त्यांनी तिला कुशीत घेतलं. आर्लीन शब्दन् शब्द खरं बोलली होती. पण मिस अर्नेस्टीन घरी गेल्या त्या एका नवऱ्याचा आणि एका लेकीचा शोक घेऊन.

रविवारी चर्च सुटलं आणि दारावर रांग लागली. तळलेली कोंबडी, चीज घातलेली मॅकरोनी, कॉलर्डची पालेभाजी, मसाला भरलेली अंडी, दोन केक. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर मालकिणीचं नाव. मयताच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, ही तिथली रीत. सगळ्यांत पुढे मिस अर्नेस्टीन आणि त्यांची नणंद लावर्न. तोंडानं फटकळ, पण कोंबडी तळावी तर तिनंच.

"मिस अर्नेस्टीन, ऐका ना, ओटो म्हणजे..."

"काही बोलू नकोस. आधी जेव."

"नाही, पण ओटो हा..."

"अगं, जेव म्हणते ना! आज पाळकांनी त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. ब्रदर ओटो आणि लहानगी बर्डी. अख्खं चर्च उभं राहिलं होतं."

आर्लीनचा घास तोंडातच राहिला. अख्खं चर्च उभं राहिल्यावर आता कुत्रा म्हणायचं कसं? ती गप्प बसली. चूक झाली ती तिथं.

"स्वभावानं कसा होता गं?" लावर्ननं विचारलं.

"शांत," आर्लीन म्हणाली. "घोरायचा मात्र फार."

"सगळेच मेले घोरतात! आणि खाण्यापिण्यात?"

"सगळं खायचा. माझ्या ताटातलं तर हक्कानं."

"आमचाही तसलाच होता," मिस अर्नेस्टीन डोळे पुसत हसल्या. "दुसऱ्याच्या ताटातलं त्यांना गोड लागतं."

फटीतून मी आर्लीनचा चेहरा पाहत होतो. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा ओटोविषयी कुणाशी बोलत होती. चेहरा उजळला होता आणि त्याच वेळी शरमेनं लालही झाला होता. पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले. रोज कुणीतरी यायचं, ओटोची आठवण काढायला लावायचं, आणि ती खरंच सांगायची, फक्त पाय किती ते वगळून. बायका गेल्या की ती भिंतीला टेकून उभी राहायची. आता ती गल्लीत एकटी नव्हती, पण ज्या आर्लीनला ते जेवू घालत होते ती आर्लीन तिथं राहतच नव्हती. हे कळलं तर तिला पुन्हा कुणी हातसुद्धा हलवणार नाही, ही भीती तिला खात होती.

मग तो शनिवार उजाडला. मिस अर्नेस्टीन आणि लावर्न डोक्याला रुमाल बांधून हजर. "शोकाच्या घरात केर साचू द्यायचा नसतो," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या, "तू आपली बसून राहा." आर्लीन नको नको म्हणेपर्यंत लावर्ननं कपाट उघडून मला बाहेर ओढलं होतं.

"बाई गं, केवढं हे धूड! आणि पिशवी तर फुटायला आलीय." तिनं खाली वर्तमानपत्र पसरलं.

"नको! तिला हात लावू नका!"

आर्लीन धावली, पण तोवर गाठ सुटली होती. वर्तमानपत्रावर करड्या-पांढऱ्या केसांचा ढीग पडला. त्यात पिवळे केसही होते.

"हे कुणाचे केस?" लावर्न म्हणाली.

आर्लीन जमिनीवर बसली. "ओटोचे," ती म्हणाली. "ओटो कुत्रा आहे. बर्डी मांजर आहे. दोघंही जिवंत आहेत. माझ्या भावाकडे."

मग लावर्नच्या नाकपुड्या फुगल्या.

"मी कुत्र्यासाठी तीन कोंबड्या तळल्या?"

"मला माफ करा."

"गुडघे दुखत असताना उभी राहिले मी चर्चमध्ये! कुत्र्यासाठी!" तिनं ओट्यावरचं आपलं नाव लिहिलेलं भांडं उचललं आणि दार आपटून निघून गेली.

मिस अर्नेस्टीन मात्र जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं, आता याही जाणार. त्या एक हात भिंतीला लावून सावकाश खाली बसल्या, ढिगातले केस ओंजळीनं उचलले आणि पुन्हा माझ्या पिशवीत भरू लागल्या. एकही बाहेर राहू दिला नाही.

"किती वर्षांचा आहे?"

"अकरा."

"मला आधीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसला असता."

"हसलेच असते," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "पोट धरून हसले असते. आणि मग जेवण आणलं असतं."

आर्लीननं हातांनी तोंड झाकून घेतलं.

"जिवंत आहे ना? मग फोन करत जा की."

"केला होता. माझा आवाज ऐकला की तो दाराशी जाऊन बसतो. दोन दिवस जेवत नाही. कार्ल म्हणाला, पुन्हा करू नकोस. महिना झाला."

मिस अर्नेस्टीननी हातावरची धूळ झटकली. मग म्हणाल्या, "माझ्या आवाजानं तर काही होणार नाही ना त्याला? लाव फोन."

मिस अर्नेस्टीननी सांगितल्यावर कार्लनं आपला फोन ओटोच्या कानाशी धरला. "ओटो बाळा," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या, "मी अर्नेस्टीन बोलतेय, मेकनहून. तुझी आर्लीन बरी आहे हो. नीट जेवते. मी बघते तिच्याकडे. तूही जेवत जा." पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता, जड, थोडा घरघरणारा. आर्लीन फोनला कान लावून बसली होती, ओठ दातांखाली दाबून. तिचे खांदे हलत होते, पण तिनं आवाज म्हणून काढला नाही.

आता दर रविवारी असा फोन होतो. आर्लीन अजून एकदाही बोललेली नाही. लावर्न अजून तिच्याशी बोलत नाही. आणि मी भरल्या पिशवीनं कपाटात उभा आहे, काडीचं काम करत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी नवीन माणूस राहायला आलं आणि विचाराल त्याला नुसतं "हो" म्हणू लागलं, तर तेवढ्यावर परत फिरू नका. त्याच्याजवळ जरा बसा. मागे कोण राहिलंय ते विचारा आणि नाव नीट ऐकून घ्या. पाय किती, ते मागाहून विचारलं तरी चालतं.