नेमेसियोचं पहिलं मत

ओफेलिया बारागान कोर्विनाच्या नगरपरिषदेसाठी पाच वेळा उभी राहिली आणि पाचही वेळा पडली. पडायची रीतही ठरलेली होती. कालव्याच्या पूर्वेला, पीच निवडणाऱ्या आणि पेट्या भरणाऱ्या लोकांच्या वस्तीत, तिला भरभरून मतं मिळायची. पश्चिमेची मतं मोजायला घेतली की ती सगळी त्यात बुडून जायची. पाचही सभासद अख्ख्या गावानं मिळून निवडायचे, आणि गावातले मतदार बहुतेक पश्चिमेचेच. म्हणून पाचही जण कालव्याच्या त्याच काठावर राहायचे, रविवारी एकमेकांच्या अंगणात मांस भाजायचे आणि पूर्वेकडच्या तुंबलेल्या गटारांबद्दल अगदी मनापासून हळहळायचे. हळहळण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही.

शेवटी कोर्टाच्या धाकानं परिषदेनं गावाचे पाच प्रभाग केले. एका प्रभागाचा एक सभासद, तोही तिथल्याच लोकांनी निवडलेला. तिसरा प्रभाग सबंध पूर्वेचा. नकाशा मंजूर झाला त्या दिवशी ओफेलिया घरी आली आणि बूटही न काढता आडवी झाली. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे कामातून गेलेले. आनंद झाला होता, पण त्याच्या आधी थकवा येऊन बसला होता.

आनंद साजरा केला तो तिच्या नवऱ्यानं. नेमेसियोचा जन्म द्राक्षांच्या मळ्यांत गेला, पण या देशाचा नागरिक व्हायचं त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. "मत देऊ कुणाला? परिषदेतल्या त्या दातांच्या डॉक्टरला?" असं म्हणायचा. प्रभाग झाले आणि म्हातारा इरेला पेटला. नागरिकत्वाची परीक्षा आपल्या भाषेत देता येते हे कळल्यावर आंघोळ करताना उत्तरं घोकली, पास झाला, आणि "माझं पहिलं मत माझ्या म्हातारीला" हे न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सांगून मोकळा झाला.

घात केला तो वस्तीच्या चांगुलपणानं. तिसऱ्या प्रभागातून उभं राहायचं एका शाळामास्तराच्या मनात होतं. ओफेलियाची कोमाद्रे टेंचा, म्हणजे तिच्या मुलाची धर्ममाता, हिनं त्याला चर्चच्या दारातच गाठलं. "ओफेलिया उभी असताना तू? लाज आहे का काही?" बिचारा गप्प बसला. वस्तीला हे फार योग्य वाटलं. इतकी वर्षं जिनं मार खाल्ला तिच्या वाटेत कुणी येऊ नये, एवढा मान ठेवायलाच हवा! ऑगस्टमध्ये मुदत संपली तेव्हा अर्ज एकटा ओफेलियाचा होता. एकच उमेदवार असला तर निवडणूक न घेताही परिषद त्याला नेमू शकते, हे कालव्याच्या पूर्वेला कुणाच्या गावी नव्हतं.

मंगळवारच्या सभेत ते सगळ्यांना कळलं. बागांतले बदाम झोडपून पाडायचे दिवस होते, सभागृहातही धूळ भरून राहिली होती. पूर्वेकडची मंडळी मागच्या रांगांत कानात यंत्र घालून बसली होती. कोपऱ्यातली एक मुलगी इंग्रजी बोलणं त्यांच्या भाषेत सांगत होती.

"एकच नाव आहे, तर निवडणुकीचा खटाटोप कशाला?" नगराध्यक्षीण लॉर्ना केसिंग हसून म्हणाल्या. "मिसेस बारागान, आधीच अभिनंदन करते!"

टेंचानं ओफेलियाला कोपरानं ढोसलं. "बघ, ताटात वाढून आलंय. घे आणि गप खा."

खरं सांगायचं तर ओफेलियालाही क्षणभर तसंच वाटलं. पुन्हा दारोदार फिरणं नको, पुन्हा निकालाच्या रात्रीचे आकडे नकोत. मग तिचं लक्ष नेमेसियोकडे गेलं. नवा पांढरा सदरा घालून, टोपी मांडीवर ठेवून तो कौतुकानं बघत होता. याला आता सांगायचं काय?

तेवढ्यात सभासद ड्वाइट फ्रीसन बोलायला लागले. प्रभागांना त्यांचा पहिल्यापासून विरोध. "मी घसा कोरडा करून सांगत होतो, गावाचे तुकडे पाडू नका. पूर्वी प्रत्येक सभासद सगळ्या गावाला बांधील असायचा. तुम्हाला वेगळी चूल हवी होती. दिली. आता त्या चुलीपाशी यायला दुसरं माणूस नाही?" मागच्या रांगांत कुजबुज झाली. शाळामास्तर खाली मान घालून बसला. "तरीही मी म्हणतो, निवडणूक घ्या. ऐनवेळी कुणाला उभं राहायचं असेल, मतदारांकडून मतपत्रिकेवर हातानं आपलं नाव लिहून घ्यायचं असेल, तर संधी मिळू दे."

फ्रीसनच्या भाच्यानं ईस्टरपासून पूर्वेला घर भाड्यानं घेतलं होतं, हे कुणापासून लपलेलं नव्हतं.

"ऐकलंस?" टेंचा फणफणली. "भाच्याला घुसवतोय मेला. तू तोंड उघडू नकोस."

ओफेलिया उठली आणि गुडघा धरत बोलायच्या जागी गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती फ्रीसनच्या बाजूनं बोलणार होती, आणि तिला त्याचं हसूसुद्धा आलं नाही.

"मला खुर्ची नको असं नाही," ती म्हणाली. "हवी आहे. माझे गुडघे दुखतात." लोक हसले. "पण ती माझ्या लोकांनी द्यावी. तुम्ही बसवलंत तर मी तुमची पाहुणी. त्यांनी बसवलं तर उद्या माझा कान धरतील. याच्यासाठीच भांडलो ना आपण? येऊ दे भाच्याला. पाडायचं तर पाडू दे, पडायची मला सवय आहे." मग तिचं सूत्र हरवलं. ती आल्डर गल्लीच्या गटाराबद्दल सांगायला लागली आणि वेळ संपल्याची घंटा वाजली.

उपनगराध्यक्षांनी फार सभ्यपणे विचारलं, "म्हणजे आम्ही नेमलं तर तुम्ही नाकारणार? तसं असेल तर आम्हाला तिथलं दुसरं कुणी शोधावं लागेल."

दुसरं म्हणजे कसलं, ते तिला ठाऊक होतं: त्यांच्या होला हो म्हणणारं. अंगात भांडण उरलंच नव्हतं.

"नाकारत नाही," ती म्हणाली. ही तिची सहावी हार, आणि ती तिला एकटीलाच कळली.

"ओफेलिया बारागान यांना तिसऱ्या प्रभागाच्या सभासद म्हणून नेमावं," नगराध्यक्षीण म्हणाल्या. "बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

व्यासपीठावर चार हात वर झाले. आणि मागच्या रांगेत नेमेसियो उभा राहिला. नेमणं आणि निवडणं यातला फरक त्याच्या डोक्यात शिरलाच नव्हता; द्राक्षमजुरांच्या संघात झाडाखाली असंच मतदान व्हायचं. नाव पुकारलं की हात वर. बायकोचं नाव त्यानं कानानं ऐकलं होतं. बाकी ऐकायचं काय राहिलं? त्यानं कानातलं यंत्र काढून टोपीत टाकलं आणि हात ताठ वर केला. टेंचानं त्याच्याकडे बघितलं आणि तिनंही केला. मग शाळामास्तरानं, मग सगळ्या रांगेनं.

"हात फक्त सभासदांचे मोजले जातात," चिटणीस बाई म्हणाल्या. "प्रेक्षकांनी कृपया खाली घ्यावेत."

कोपऱ्यातल्या मुलीनं ते हळूच सांगितलं. एकेक हात खाली आला. नेमेसियोचा तेवढा वर राहिला. विरोधात एकटे फ्रीसन. चार विरुद्ध एक अशी नोंद झाली, टाळ्या पडल्या, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

बाहेर गाडीशी येईपर्यंत नेमेसियोला दम निघाला नाही.

"मी मागं होतो. दिसला ना त्यांना माझा हात?"

"दिसला."

"आणि मोजला?"

निवडणूक होणार नाही, तुझं मत कुणी धरलंच नाही, हे या माणसाला आज सांगायची ताकद ओफेलियात नव्हती. उद्याही येईल असं वाटत नव्हतं.

"मोजला, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "पहिला तुझाच मोजला."

तिनं गाडी सुरू केली. कालव्याचा पूल ओलांडेपर्यंत तो खुशीत खिडकीबाहेर बघत होता. मग घसा साफ करून, एरवी घरात कधी काढत नसे अशा आवाजात तो म्हणाला, "हे बघ, मी तुला मत दिलंय. आता त्या गटाराचं काय करतेस ते सांग."

"करते," ओफेलिया म्हणाली, आणि डोळे पुसायला तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.